तिघे जण, सावल्या दोन

शेलूबाजार, सुतकाचे दिवस

गरुडपुराण ऐकायला तुम्ही बसता ते घरातल्यांच्या शब्दाखातर. थोरले काका गेलेत, सुतक चालू आहे, आणि अशा घरी संध्याकाळी पोथी लागते. ओसरीवर सतरंजी, सतरंजीवर भावकी, उंबऱ्याच्या आत बायका. महाराज चार ओळी वाचतात, मग चष्मा कपाळावर सरकवून त्या वऱ्हाडीत समजावून सांगतात. यमाच्या वाटेची लांबी शहाऐंशी हजार योजनं. वाटेत सोळा गावं. मधे वैतरणी, तिच्यात पाण्याऐवजी रक्त आणि पू. गोदान केलेलं असेल तर पार, नसेल तर काय होतं ते सांगायच्या आधी महाराज पान उलटतात आणि सतरंजीवर चुळबूळ सुरू होते.

तुमचं लक्ष नरकाच्या यादीपेक्षा पिंडांपाशी अडकतं. पहिल्या दिवसाच्या पिंडानं गेलेल्या माणसाचं डोकं तयार होतं, पुढच्या पिंडांनी मान, खांदे, छाती. असं करत दहा दिवसांत त्याला वाटचालीपुरतं शरीर मिळतं. पुढं वर्षभर दर महिन्याचा पिंड त्याला वाटेतल्या गावांत पोचतो. त्याची शिदोरी मागं राहिलेल्यांच्या हातून जाते.

भिंतीला टेकलेला एक म्हातारा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणतो, "मेल्यावरबी माणसाले घरच्यायचीच वाट पाहा लागते."

तेरावं आटोपतं. गावाजवळच्या इंटरचेंजवरून तुम्ही समृद्धी महामार्गाला लागता. इगतपुरीच्या पुढचा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचा हा रस्ता नागपूरहून थेट ठाणे जिल्ह्यातल्या आमण्यापर्यंत जातो. आज तुम्हाला त्याहून लांब जायचं आहे. सातशे किलोमीटर नव्हे, सातशे वर्षं.

मुंबई, टाउन हॉल

फोर्टातल्या टाउन हॉलच्या तीस पायऱ्या तुम्ही चढता. वर डोरिक धाटणीचे जाडजूड खांब आहेत. १८३३ साली पुरी झालेली ही इमारत. आत एशियाटिक सोसायटी, जिची मुळं १८०४ सालच्या लिटररी सोसायटीत आहेत. तिच्या संग्रहात एक हस्तलिखित जपून ठेवलंय: दान्ते अलिगिएरीची 'डिव्हाइन कॉमेडी'. छापखाना निघायच्या आधीची, कुणा लेखनिकानं हातानं उतरवून घेतलेली प्रत. दान्तेच्या स्वतःच्या हातचं एकही अक्षर आज जगात उरलेलं नाही. उरल्यात त्या अशा नकला, साधारण आठशे. त्यातली एक मुंबईत. १९३०च्या सुमारास मुसोलिनीच्या सरकारनं या प्रतीसाठी दहा लाख पौंड देऊ केले आणि सोसायटीनं नकार दिला, अशी गोष्ट इथं सांगतात. ती सांगताना सांगणाऱ्याची मान थोडी ताठ होते.

प्रत सोसायटीला दिली माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं. तो १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर होता, पण तुमच्या मुलखात तो त्याच्या आधीच येऊन गेलाय. २९ नोव्हेंबर १८०३ला अकोल्याकडच्या अडगावला वेलस्लीच्या फौजेनं नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला, पुढं १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. त्या मोहिमेत घोड्यावर बसून तरुण एल्फिन्स्टन वेलस्लीबरोबर होता. वऱ्हाडची धूळ खाल्लेल्या माणसाच्या हातून हे पुस्तक या कपाटात आलं.

याच इमारतीत महामहोपाध्याय पां. वा. काण्यांचा वर्षानुवर्षं वावर होता. त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा चौथा खंड १९५३ साली निघाला. त्यात पातकं, प्रायश्चित्तं, कर्मविपाक, अंत्येष्टी, श्राद्ध हे सगळं येतं. म्हणजे माणूस मेल्यावर त्याचा हिशेब कसा होतो, याची दोन दप्तरं एका छपराखाली आहेत. काकांचं दप्तर तुम्ही नुकतंच ऐकून आलात. आता दुसरं उघडायचं, आणि त्यात आपल्यासारख्याची नोंद कुठं आहे ते बघायचं.

रावेन्ना, १३२२

उघडताच पहिली अडचण समोर येते: पुस्तक पुरं नाही. तुम्ही इटलीत आहात, आद्रियातिक समुद्राजवळच्या दलदलीत वसलेल्या रावेन्ना गावी. डासांचा मुलूख आहे. दान्ते जाऊन आठेक महिने झालेत. १३ आणि १४ सप्टेंबर १३२१च्या मधल्या रात्री तो तापानं गेला. वय छप्पन. जन्मगाव फ्लॉरेन्स, पण तिथं त्याला मरायलाही परवानगी नव्हती. १३०२च्या जानेवारीत विरोधी गटानं त्याला पैसे खाल्ल्याच्या आरोपावरून हद्दपार केलं आणि मार्चमध्ये पुढचा हुकूम काढला: सापडला तर जिवंत जाळा. उरलेली वीस वर्षं तो लोकांच्या घरी राहिला, लोकांच्या जिन्यांवरून चढला-उतरला, आणि ही शंभर सर्गांची, चौदा हजारांवर ओळींची कविता लिहीत राहिला. फ्लॉरेन्सच्या नगरपालिकेनं ती शिक्षा मागं घेतली, पण २००८ साली.

तर शेवटचे तेरा सर्ग सापडत नाहीयेत. याकोपो आणि पिएत्रो ही मुलं घरभर शोधून थकली आहेत. लोक म्हणतात, तुम्हीही कवी आहात, पुरं करून टाका. मग एका पहाटे याकोपो बापाच्या एका जुन्या शिष्याचं दार ठोठावतो. स्वप्नात वडील आले, पांढऱ्या कपड्यांत. हाताला धरून झोपायच्या खोलीत घेऊन गेले आणि भिंतीवरच्या एका जागेला हात लावून म्हणाले, तुम्ही शोधताय ते इथं आहे. दोघं अंधारातच निघतात. तुम्हीही मागोमाग. भिंतीला एक चटई ठोकलेली आहे. ती उचलली तर मागं एक छोटा कोनाडा, कुणालाच ठाऊक नसलेला. आत कागद. ओलीनं बुरशी धरलेली. आणखी थोडे दिवस गेले असते तर वाचता आले नसते. याकोपो बुरशी हलक्या हातानं झटकतो आणि आकडे बघतो. तेरा सर्ग, बरोबर शेवटचे.

ही हकिकत बोकाच्चोनं लिहून ठेवली आहे, आणि बोकाच्चो गोष्टीवेल्हाळ माणूस होता. पण शेलूबाजारच्या ओसरीवर ती सांगितली तर कुणी भुवई उंचावणार नाही. गेलेला माणूस स्वप्नात येतो, राहिलेलं सांगतो, आणि मुलानं ते करायचं असतं.

१३००, गुड फ्रायडे

आता पान पहिलं. ८ एप्रिल १३००. रोममध्ये आठव्या बोनिफास पोपनं ज्युबिली वर्ष जाहीर केलंय आणि पापक्षालनासाठी युरोपभरचे यात्रेकरू तिकडं लोटलेत. तुमच्याकडं देवगिरीला रामदेवराव यादव अलाउद्दीन खिलजीला खंडणी कबूल करून बसलेत. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली त्याला चार वर्षं झाली. नामदेव तिशीत आहेत. दान्ते पस्तिशीचा. लॅटिनमधे लिहिता येत असूनही त्यानं ही कविता फ्लॉरेन्सच्या बाजारात बोलतात त्या भाषेत मांडली आहे. आळंदीच्या कवीनं हेच दहा वर्षांपूर्वी करून दाखवलं. दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. तुम्हाला दोघांचाही आहे.

जंगलात वाट चुकलेला दान्ते समोर दिसतो. त्याच्याबरोबर व्हर्जिल, तेराशे वर्षांपूर्वी मेलेला रोमन महाकवी, त्याचा गुरू आणि वाटाड्या. तुम्ही दोघांच्या मागून चालू लागता.

दरवाजा ओलांडल्यावर नदी लागते. नावाडी म्हातारा, डोळे लालभडक, तो दान्तेकडं बघून ओरडतो की जिवंत माणसानं इथून चालतं व्हावं. वैतरणी ऐकून आलेले तुम्ही चटकन गायीची शेपटी शोधता. इथं ती सोय नाही.

नदीपलीकडं पहिलं वर्तुळ: लिंबो. छळ नाही, आरडाओरड नाही, ऐकू येतात ते फक्त सुस्कारे. सात तटांचा एक किल्ला, आत हिरवळ, आणि हिरवळीवर शांत आवाजात बोलणारी माणसं. होमर आहे. सॉक्रेटिस, प्लेटो आहेत. बाजूला एकटा सलाउद्दीन उभा आहे. इब्न सीना आणि इब्न रुश्द आहेत. यांनी काही वाईट केलेलं नाही. बाप्तिस्मा झाला नाही, एवढंच. कुणी ख्रिस्ताच्या आधी जन्मले, कुणी त्याच्या धर्माबाहेर. शिक्षा एकच: ओढ आहे, आशा नाही. व्हर्जिल सांगतो, मीही यातलाच.

इथं तुम्ही थबकता. दप्तरात आपली नोंद शोधायला निघालात ना? ती ही. शेलूबाजारच्या माणसाला, त्यानं जन्मभर मुंगीलाही दुखवलं नसलं तरी, दान्तेच्या व्यवस्थेत याहून वरची जागा नाही. तुमचे काकासुद्धा इथंच असायला हवेत. तुम्ही हिरवळीवर नजर फिरवता. दिसत नाहीत. गर्दी मोठी आहे.

खालच्या आठ वर्तुळांतून आपण भरभर जाऊ. दान्तेचं नाव काढलं की लोकांना आठवतो तो हाच भाग. उकळतं रक्त आहे, वाऱ्यावर भिरभिरणारे प्रेमी आहेत, खडकातल्या भोकांत उलटे रोवलेले पोप आहेत, तळव्यांवर आग. तिसरा निकोलस पोप वर चाहूल लागताच ओरडतो: आलास का रे बोनिफास, इतक्या लवकर? बोनिफास त्या आठवड्यात रोममध्ये धडधाकट आहे. कविता लिहिताना दान्तेला पुढचं सगळं ठाऊक होतं. तारीख मात्र त्यानं मागची घातली, म्हणून त्याच्या नरकातले मुडदे भविष्य सांगतात. स्वतःची हद्दपारीही तो त्यांच्याच तोंडून ऐकतो.

एक गोष्ट मात्र जवळून बघा. चिखलाच्या दलदलीत नाव लागते. व्हर्जिल आत उतरतो, नाव हलत नाही. दान्ते पाय ठेवतो आणि नाव पाण्यात दबते. पुढं दरड उतरताना त्याच्या पायाखालचे दगड घरंगळतात आणि पहारेकरी सावध होतो: मेलेल्यांच्या पायानं दगड हलत नसतात. नरकात जिवंतपणा ओळखला जातो तो वजनानं. तुमच्याही पायाखाली खडी करकरते.

तळाशी आग नाही, बर्फ आहे. त्यात छातीपर्यंत गोठलेला सैतान तीन तोंडांनी तीन फितूर चघळतोय: जुडास, ब्रूटस, कॅशियस. त्याच्याच अंगावरच्या केसांना धरून उतरायचं. मधेच व्हर्जिल धापा टाकत उलटा होतो, डोकं खाली, पाय वर, आणि उतरणं होतं चढणं. पृथ्वीचा मध्य ओलांडला. पृथ्वी गोल आहे आणि प्रत्येक वस्तू मध्याकडं खेचली जाते, हे तेराव्या-चौदाव्या शतकातल्या कवीला चांगलंच माहीत आहे.

डोंगर

वर येता तेव्हा पहाट आहे, ईस्टरच्या सणाची. समुद्र, आणि मधोमध एकच डोंगर. इथं आत्मे शुद्ध होतात. हाच त्यांचा मधला मुक्काम. दान्तेच्या भूगोलात तो जेरुसलेमच्या बरोबर खाली, पृथ्वीच्या पाठीवर पलीकडच्या बाजूला आहे. आणि इथं दिवस उगवत असताना रात्र गंगेवरून निघते, असं त्याचं गणित. म्हणजे तुमच्या घराकडं आत्ता मध्यरात्र आहे.

सूर्य वर येतो आणि तुमची नजर खाली जाते. वाळूत दोन सावल्या पडल्यात. माणसं तिघं. व्हर्जिलच्या पायाशी नुसता उजेड आहे. दान्तेलाही ते आत्ताच दिसतं. दचकून तो बाजूला बघतो, गुरू आपल्याला सोडून गेला की काय. व्हर्जिल समजावतो, आणि बोलता बोलता खाली मान घालून गप्प होतो.

समुद्रावरून एक होडी येते. वल्हं नाही, शीड नाही; मागं देवदूत पंख उभारून उभा. होडीत शंभरावर जण, सगळे मिळून एकच स्तोत्र गात. उतरतात आणि नवख्यांसारखे इकडंतिकडं बघत राहतात. त्यातला एक दान्तेला मिठी मारायला धावतो. कासेल्ला, त्याचा गायक मित्र. दान्ते तीनदा हात पसरतो आणि तीनदा त्याचे हात स्वतःच्याच छातीवर येतात. मग तो म्हणतो, एखादं गा. कासेल्ला गातो. मेलेले, जिवंत, व्हर्जिल, तुम्ही, सगळे सगळं विसरून ऐकत उभे. एवढ्यात डोंगराचा राखणदार कातो येऊन खेकसतो, आणि कबुतरं उडावीत तसे सगळे चढावर पळत सुटतात.

नरकात प्रत्येक जण आपल्या जागी खिळलेला होता. इथं सगळे चालतायत. आळंदीहून निघालेल्या दिंडीसारखं इथं घोळक्याघोळक्यानं चाललेलं आहे, गाणं आहे, मागं पडणारे आहेत, मुक्काम आहेत. सूर्य मावळला की एकही पाऊल वर टाकता येत नाही. सोर्देल्लो नावाचा आत्मा बोटानं जमिनीवर रेघ ओढून दाखवतो, अंधारात हीसुद्धा ओलांडता येणार नाही. आणि ज्याला ज्याला तुमच्या दोघांच्या सावल्या दिसतात तो धावत येतो. कारण सावली म्हणजे जिवंत माणूस, आणि जिवंत माणूस म्हणजे निरोप.

पहिला येतो मान्फ्रेदी, सिसिलीचा राजा. सोनेरी केस, देखणा, एक भुवई घावानं दुभंगलेली. १२६६ साली बेनेव्हेन्तोच्या लढाईत पडला. धर्मबहिष्कृत होता, म्हणून पुलाजवळ दगडांखाली पुरलेली त्याची हाडंसुद्धा बिशपनं उकरून हद्दीबाहेर नेऊन टाकली. पावसात भिजत, वाऱ्यात उघडी पडलीत. तो रडगाणं गात नाही. एवढंच सांगतो की मरता मरता मी देवाला हाक मारली आणि त्यानं ऐकलं. पण बहिष्कृत म्हणून जेवढी वर्षं काढली त्याच्या तीसपट काळ मला डोंगराच्या पायथ्याशी थांबायचंय. माझी मुलगी कोन्स्तान्झा हिला सांग, मी कुठं आहे ते. खाली कुणी प्रार्थना केली की इथला माणूस पुढं सरकतो.

त्याचं ऐकताना तुम्हाला मंगळवेढं आठवतं. अजून अडतीस वर्षांनी तिथं गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून चोखोबा जातील, आणि परंपरा सांगते की नामदेव तिथं जाऊन ढिगाऱ्यातली त्यांची हाडं ओळखतील आणि पंढरपूरला आणतील. मान्फ्रेदीच्या हाडांना नामदेव मिळाला नाही. त्याची सगळी भिस्त मुलीवर.

मग भेटतो बेलाक्वा. खडकाच्या सावलीत गुडघ्यांना मिठी मारून, त्यात तोंड खुपसून बसलेला. दान्ते हसतो; फ्लॉरेन्समधला जुना ओळखीचा, वाद्यं घडवणारा, महा आळशी. बेलाक्वा मान जेमतेम वर करतो आणि म्हणतो, चढून काय करू, दारात देवदूत आत सोडणार नाही. पश्चात्ताप शेवटपर्यंत ढकलत राहिलो, आता जेवढा जगलो तेवढंच बाहेर बसायचं. कुणी माझ्यासाठी प्रार्थना केली तर गोष्ट वेगळी. तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नाही.

दारात देवदूत तलवारीच्या टोकानं दान्तेच्या कपाळावर एक अक्षर सात वेळा कोरतो, सात पापांसाठी सात. वर सात कट्टे आहेत; प्रत्येक कट्टा पार केला की एक अक्षर पुसलं जातं आणि चाल हलकी होते. गर्विष्ठ लोक पाठीवर एवढे दगड घेऊन चालतायत की गुडघे छातीला टेकलेत. हेवा करणाऱ्यांच्या पापण्या तारेनं शिवल्यात. ते एकमेकांच्या खांद्याला टेकून बसलेत. रागीट धुरात चाचपडतायत. तुम्ही दगडवाल्यांच्या रांगेजवळ कान देता. ते येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हणतायत, आणि शेवटचं मागणं मागताना सांगतात की हे आमच्यासाठी नाही, मागं राहिलेल्यांसाठी आहे. म्हणजे जिवंत मेलेल्यांसाठी मागतात आणि मेलेले जिवंतांसाठी. खातं दोन्ही बाजूंनी चालतं. वसईच्या कॅथलिक वस्त्यांत दरवर्षी २ नोव्हेंबरला लोक दफनभूमीत फुलं आणि मेणबत्त्या घेऊन जातात, मृतांसाठी प्रार्थना करतात. या डोंगराशी असलेला तो व्यवहार अजून चालू आहे.

सहाव्या कट्ट्यावर खादाड आहेत, हाडांवर नुसती कातडी. एकाचा आवाज ओळखीचा निघतो: फोरेसे, दान्तेचा दोस्त, पाचेक वर्षांपूर्वी मेलेला. दान्तेला नवल वाटतं, तू तर अजून खाली थांबलेला असायला हवास. फोरेसे म्हणतो, माझी नेल्ला. तिच्या रडण्यानं, तिच्या प्रार्थनेनं मी इथवर आलो. बायकोचं नाव घेताना त्या हाडांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते गावाकडं तेराव्याच्या पंगतीत काकांचं नाव निघालं तेव्हा काकूच्या चेहऱ्यावर तुम्ही पाहिलंय.

दान्तेला इथं एक शंका आहे, आणि ती तुमचीही आहे: ज्यांना जेवणाची गरजच नाही ते रोड कसे होतात? मेल्यावर शरीर कुठून येतं? उत्तर देतो स्तातियुस, जुना रोमन कवी, याच दिवशी मोकळा झालेला. त्याच्या सुटकेला सगळा डोंगर हादरला होता. तो सांगतो, आत्मा जिथं पडतो तिथल्या हवेवर स्वतःचा आकार उमटवतो. तेच त्याचं शरीर. पोथीत हे काम मुलाच्या हातचे पिंड करतात. इथं आत्मा स्वतःच करतो, आणि मागं राहिलेल्यांकडं उरते ती वेळ कमी करण्याची ताकद. शरीराचा मामला निराळा. बाकी भिंतीला टेकलेल्या त्या म्हाताऱ्याला या डोंगरावर आणून सोडला तर त्याला कुणी काही समजावून द्यावं लागणार नाही.

शेवटी आगीची भिंत. ती ओलांडली की डोंगरमाथ्यावर बाग, ओढा, पक्षी. ओढ्यापलीकडं बिआत्रिचे येते, दान्तेनं लहानपणी पाहिलेली, जन्मभर मनात धरलेली, तरुणपणीच वारलेली. दान्तेला कापरं भरतं. तो लहान पोरासारखा काहीतरी सांगायला व्हर्जिलकडं वळतो. व्हर्जिल नाही. निरोप न घेता, मागं न बघता, लिंबोत परत गेलाय. त्याचा परवाना इथपर्यंतच होता. दान्ते रडतो. बिआत्रिचे त्याला नावानं हाक मारते. अख्ख्या कवितेत त्याचं नाव येतं ते या एकाच ठिकाणी. आणि ती म्हणते, व्हर्जिल गेला म्हणून रडू नकोस, रडायला दुसरं कारण आहे.

खरं तर तुमचीही हद्द इथं संपते. तुम्ही व्हर्जिलच्याच यादीतले. पण वाचकाला बाप्तिस्मा विचारत नाहीत. तुम्ही पान उलटता.

गुरूचा गोल

सहावा स्वर्ग गुरू ग्रहाचा. न्यायी राजांचे आत्मे इथं ठिणग्यांसारखे चमकतायत. ते आकाशात एकेक अक्षर होऊन न्यायाचं एक लॅटिन वाक्य लिहितात, आणि शेवटचं अक्षर वळत वळत गरुडाचा आकार घेतं. शेकडो जीवांचा एक पक्षी. बोलतो तेव्हा 'आम्ही' न म्हणता 'मी' म्हणतो.

तुम्ही मनात नोंद करता: पोथीत गरुड प्रश्न विचारतो आणि विष्णू उत्तर देतो. इथं गरुडच उत्तर देणारा आहे.

फार दिवसांची भूक आहे, एवढंच दान्ते म्हणतो; प्रश्न उच्चारत नाही. गरुडाला त्याच्या मनातलं ठाऊक आहे, आणि तो प्रश्न तोच बोलून दाखवतो. सिंधूच्या काठावर एक माणूस जन्मला. तिथं ख्रिस्ताबद्दल सांगणारं कुणी नाही, शिकवणारं नाही, लिहिणारं नाही. माणसाच्या बुद्धीला कळतं तेवढं बघितलं तर त्याच्या वागण्यात, बोलण्यात, इच्छेत काही खोट नाही. तो बाप्तिस्म्यावाचून मरतो. त्याला दोषी ठरवणारा हा न्याय कुठला? त्यानं विश्वास ठेवला नाही, यात त्याचा अपराध काय?

सिंधू शेलूबाजारपासून कितीतरी लांब आहे. पण इटलीतून पूर्वेकडं बघणाऱ्या दान्तेला तुम्ही दिसलात तर तिथंच दिसणार. पोपांना उलटं टांगणाऱ्या, शत्रूंची नावानिशी व्यवस्था लावणाऱ्या या कवितेत प्रत्येकाला शिक्षा नेमून दिलेली आहे, मापं घेऊन. फक्त एका माणसापाशी ती अडखळते, आणि तो तुमच्याकडचा आहे.

गरुडाचं उत्तर आधी कडक येतं. वीतभर नजर घेऊन हजार कोसांवरचा निवाडा करायला तू कोण? ख्रिस्तावर विश्वास नसलेला कुणी इथं चढलेला नाही. मग तोच सूर बदलतो. ख्रिस्ताचं नाव ओरडणारे कितीतरी जण निवाड्याच्या दिवशी त्याच्यापासून जेवढे लांब असतील, तेवढा लांब ते नाव कधी न ऐकलेला माणूस नसेल. त्या दिवशी कर्मांचं पुस्तक उघडेल तेव्हा त्यात ख्रिस्ती राजांनी काय काय केलं ते सगळ्यांना वाचता येईल. आणि तो राजांची नावं घेत सुटतो. चित्रगुप्ताच्या वहीत तुम्हाला हे नवीन नाही.

सिंधूकाठच्या माणसाचा निकाल मात्र तो देत नाही. त्याऐवजी आपली भुवई दाखवतो. तिथं पाच दिवे आहेत, त्यातल्या दोघांना जग मूर्तिपूजक समजतं. एक ट्राजान, रोमचा सम्राट. दुसरा रिफेउस, ट्रॉयचा एक शिपाई. दान्ते चकित होतो आणि तुम्हीही व्हायला हवं, कारण या रिफेउसचा पत्ता जगात एकाच ठिकाणी लागतो: व्हर्जिलच्या महाकाव्यात. ट्रॉय जळताना लढून मेलेला, अतिशय न्यायी म्हणून जाता जाता उल्लेखलेला एक माणूस. व्हर्जिलनं त्याला दोन-चार ओळी दिल्या आणि पुढं गेला. दान्तेनं त्या ओळींतून त्याला उचलून थेट स्वर्गात बसवलं. ज्यानं त्याला निर्माण केलं तो गुरू खाली लिंबोत आहे.

हे दान्तेच्या ध्यानात आलं नसेल, असं मानायला मन धजत नाही.

लिंबो

परतीच्या वाटेवर तुम्ही सात तटांच्या किल्ल्यापाशी थांबता. डोंगरावर पावलापावलाला निरोप देणारे भेटले होते. इथं कुणी धावत येत नाही. जिवंतांच्या प्रार्थनेनं इथलं काही हलत नाही, म्हणून कुणाला काही सांगायचंही नसतं. उलट निरोप आणणारा जिवंत माणूस तर इथं आजवर कुणी आलेलाच नाही.

व्हर्जिल होमरशेजारी बसलाय. तुम्ही जवळ जाता आणि आपल्याकडं थोरांशी बोलतात तसं बोलता.

"कविराज, वरून आलो. दोन गोष्टी सांगायच्यात. तुमचा रिफेउस वर आहे, गरुडाच्या भुवईत."

तो बराच वेळ आठवतो. कोण रिफेउस? मग आठवतं.

"आणि दुसरी?"

"तुमच्या-आमच्यासारख्यांचा प्रश्न वर निघाला होता. बाप्तिस्मा नसलेल्या भल्या माणसाचा. निकाल लागला नाही. पण प्रश्न खोडलाही नाही. पुस्तकात आहे, जसाच्या तसा."

"कुणाच्या मनातला?"

"तुमच्याच शिष्याच्या," तुम्ही सांगता.